तंत्र आणि तळमळ



गोंदिया हा बोलींचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा हा मुलूख एका अंगाने मध्य प्रदेशाला आणि दुसऱ्या अंगाने छत्तीसगडला लागून आहे. घरात पोवारी, धानाच्या बांधावर झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत प्रमाण मराठी आणि डोंगराच्या कुशीतल्या गावांत गोंडी अशा भाषा येथे शेजारी-शेजारी नांदतात. एकच माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तीन-तीन वेळा बोली बदलतो आणि त्याचे त्याला काही विशेषही वाटत नाही. समोरचा कोण, त्याला काय उमगेल, त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, याचे शिक्षण येथील माणसाला बाळपणापासून मिळत आलेले आहे.

अशा जिल्ह्यातही आता संवाद शिकवण्याचे वर्ग भरू लागले आहेत. तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेशेजारी ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘संभाषण कौशल्य’ अशा पाट्या दिसतात. ‘लाइफ कोच’ हा शब्दही आता अनोळखी राहिलेला नाही. या वर्गांत सांगितले जाते की, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोला. त्याचे नाव वारंवार घ्या. तो पुढे झुकला की आपणही झुका. त्याचेच शब्द त्याला परत ऐकवा. दोष सांगायचा असेल तर आधी एक स्तुती करा, मधे दोष ठेवा आणि शेवटी पुन्हा स्तुती करा. यातले काहीही वाईट नाही. कित्येकांना त्याचा उपयोगही होतो. परंतु प्रश्न असा आहे की, हे सारे शिकून बाहेर पडलेला माणूस अधिक विश्वासार्ह होतो, की केवळ अधिक चतुर होतो?

हा प्रश्न शब्दांचा खेळ नव्हे. शिक्षक आणि विद्यार्थी, बाप आणि मुलगा, डॉक्टर आणि रुग्ण, कार्यकर्ता आणि वस्तीतला माणूस यांच्यात जे काही चांगले घडते, ते विश्वासावर घडते. तो एकदा तुटला की पुढच्या शंभर सुंदर वाक्यांनीही सांधला जात नाही. म्हणून तंत्र आणि सच्चेपणा यांचे नाते नीट तपासून घेणे आवश्यक आहे.

तंत्राचा बाजार कसा उभा राहिला?

आजच्या संवादवर्गांचे मूळ बव्हंशी अमेरिकेत आहे. डेल कार्नेगी यांचे मित्र कसे जोडावेत हे सांगणारे गाजलेले पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ‘माणसे जिंकणे’ ही शिकता येण्याजोगी विद्या आहे, ही कल्पना जगभर पसरली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’ नावाची पद्धत मांडली. नामवंत मानसोपचारकांचे बोलणे, लकबी आणि प्रश्न बारकाईने टिपले, तर त्यांचे यश कोणालाही उचलता येईल, असा तिचा दावा होता. पुढे जॉन व्हिटमोर या एकेकाळच्या मोटार-शर्यतपटूने १९९२ सालच्या आपल्या पुस्तकातून ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची प्रश्नपद्धती लोकप्रिय केली. आज कंपन्यांतून जे ‘कोचिंग’ चालते, त्यातील बराचसा भाग या चार पायऱ्यांवर उभा आहे.

या परंपरेत एक गोष्ट वारंवार घडलेली दिसते. ज्यांनी मूळ विचार मांडला, त्यांनी सच्चेपणाची अट घातली होती. परंतु तो विचार बाजारात पोहोचेपर्यंत अट गळून पडली आणि युक्ती तेवढी शिल्लक राहिली. स्वतः कार्नेगी यांनी खुशामत आणि मनापासूनची दाद यांत स्पष्ट भेद केला होता आणि खुशामतीचा निषेधच केला होता. पण वाचकांनी घेतले काय? तर नाव घ्या, हसा, स्तुती करा.

याहून बोलके उदाहरण कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाचे आहे. १९५७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. माणसात आतून बदल घडावा यासाठी त्याला मदत करणाऱ्यात काय असावे लागते, याचा त्यात विचार होता. रॉजर्स यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, मदत करणाऱ्याचे आत-बाहेर एकच असणे. दुसरी, समोरच्याचा विनाअट स्वीकार. आणि तिसरी, त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग समजून घेणे. यातली एकही गोष्ट ‘कशी बोलावी’ या सदरात मोडत नाही. तिन्ही ‘कसे असावे’ या सदरातल्या आहेत. परंतु त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी काय उचलले? तर समोरचा म्हणाला, ‘मला फार एकटे वाटते,’ की उत्तरादाखल म्हणायचे, ‘तुम्हांला एकटे वाटते आहे तर!’ या पोपटपंचीचे रॉजर्स यांना इतके वाईट वाटले की, त्यांनी कित्येक वर्षे या प्रकारच्या ऐकण्याविषयी बोलणेच कमी केले. ही खंत त्यांनी १९७५ साली स्वतःच लिहून ठेवली आहे.

सात, अडतीस, पंचावन्न

संवादवर्गात हमखास सांगितला जाणारा एक आकडा आहे. संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा, देहबोलीचा ५५ टक्के. हा आकडा फळ्यावर लिहिला की समोर बसलेली मुले दचकतात आणि शब्दांपेक्षा हातवाऱ्यांच्या मागे लागतात.

हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आलेला आहे. त्या प्रयोगांत माणसे व्याख्यान देत नव्हती, की गणित शिकवत नव्हती. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत आणि वेगवेगळ्या चेहऱ्यांसह समोर ठेवून, बोलणाऱ्याला समोरच्याविषयी आपुलकी आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगितले होते. आपले हे सूत्र केवळ भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतेच लागू आहे, असे मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. तसे नसते तर अनोळखी भाषेतले भाषणही नुसत्या आवाजावरून आणि हातवाऱ्यांवरून ९३ टक्के कळायला हवे होते!

मात्र या प्रयोगांचा खरा अर्थ तंत्राच्या पुरस्कर्त्यांना अडचणीत आणणारा आहे. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरेच, असे झाले, तर माणूस शब्दांना सोडून चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे पाठ केलेले गोड वाक्य तोंडात असले आणि मनात कंटाळा असला, तर समोरच्यापर्यंत कंटाळाच पोहोचतो. चेहऱ्याचेही तंत्र शिकवता येईल, असे कोणी म्हणेल. काही काळ शिकवता येते, हे खरे. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे.

आर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विमानातील परिचारिकांचा अभ्यास मांडला आहे. प्रवासी कितीही उर्मट असो, हसतच राहायचे, हे त्यांचे शिक्षण होते. कामासाठी भावना घडवण्याच्या या श्रमाला त्यांनी ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. दिवसेंदिवस मागणीबरहुकूम हसणाऱ्या माणसाला हळूहळू आपलेच हसू आपले वाटेनासे होते, असे त्यांना आढळले. म्हणजे कृत्रिम संवादाचा पहिला बळी ऐकणारा नसतो. तो बोलणारा असतो.

मग तंत्र नकोच का?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तंत्राची ही बाजू दिसली की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘आपल्याला गोड बोलता येत नाही, आपण आहोत ते असे आहोत, जे पोटात तेच ओठात,’ असे अभिमानाने सांगणारी माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांच्या सच्चेपणाचे चटके घरातल्यांना बसत असतात. मनात आलेले तसेच्या तसे ओकणे म्हणजे सच्चेपणा नव्हे. पुष्कळदा तो केवळ आळस असतो. समोरच्याला झेपेल असे शब्द शोधण्याचे कष्ट टाळलेले असतात आणि त्या आळसालाच प्रामाणिकपणाचे नाव दिलेले असते.

‘तंत्र’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ माग, मागावर ताणलेले उभे धागे, असा आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. त्यावरून हा शब्द आला. विणकाम पाहिलेल्या माणसाला यातली खूण लगेच पटेल. उभा ताणा घट्ट नसेल तर कितीही सुंदर रेशीम घेतले तरी वस्त्र होत नाही, नुसता गुंता होतो. आणि आडवा बाणा नसेल, तर ताणलेल्या दोऱ्यांनी अंग झाकत नाही. तंत्र हा ताणा आहे. तळमळ हा बाणा आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आले आहे. कोणाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे, हे त्या तपाचे लक्षण सांगितले आहे. परंतु त्याच श्लोकात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे स्वाध्यायाचा अभ्यास. म्हणजे सत्याची अट आहे आणि सरावाचीही आहे. आणि लगेच पुढे, सत्कार, मान, पूजा यांच्यासाठी दंभाने केलेले तप चंचल आणि अस्थिर असते, असेही म्हटले आहे. पाठ केलेल्या आपुलकीला हे वर्णन किती तंतोतंत लागू पडते! ती टिकत नाही, हाच तिचा दोष.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचे उदाहरण येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की होळीपर्यंत गावोगावी मंडई, शंकरपट आणि नाटके यांचा हंगाम असतो. वडसा-देसाईगंजकडच्या नाटक मंडळ्या रात्रभर प्रयोग करतात आणि हजारो माणसे थंडीत चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. नटाला तंत्र हवेच. आवाजाची फेक हवी, गाणे हवे, विंगेतून सांगितलेले वाक्य झेलण्याची हुशारी हवी. त्याचा राग खोटा असतो, रडणे खोटे असते, तरी त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. कारण तो नट आहे, हे बघणाऱ्याला माहीत असते. तेच रडणे त्याने दुसऱ्या दिवशी सावकाराच्या ओसरीवर केले, तर मात्र ती फसवणूक होते. म्हणजे तंत्र वाईट ठरते ते तंत्र म्हणून नव्हे. ज्याच्यावर ते चालवायचे, त्याच्यापासून ते लपवावे लागते, तेव्हा ते वाईट ठरते.

आचरेकर सरांची शाबासकी

प्रशिक्षणाच्या क्षेत्रातले उदाहरण घ्यायचे, तर रमाकांत आचरेकर सरांचे नाव डोळ्यांपुढे येते. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर यांनी सांगितले की, सरांनी त्यांना ‘छान खेळलास’ असे कधीच म्हटले नाही. शिष्य आत्मसंतुष्ट होईल अशी त्यांना धास्ती होती. आजच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गाच्या कसोटीवर आचरेकर नापास ठरतील. स्तुती नाही, प्रोत्साहनाचे वाक्य नाही.

मग शिष्याचा विश्वास कशावर उभा होता? त्याच भाषणात त्याचेही उत्तर आहे. सर आपल्या स्कूटरवर बसवून त्या मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असत, एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळता यावेत म्हणून. सरावात यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. नाबाद राहिला तर नाणे फलंदाजाचे. ही युक्ती तंत्रच होती. परंतु ती उघड होती, मुलाला माहीत होती आणि तिच्यामागे उन्हातान्हात उभा असलेला माणूस मुलाला दिसत होता.

येथे अनुकरणाचा धोकाही लक्षात घ्यावा. आचरेकर सर स्तुती करत नसत, एवढेच उचलून एखादा शिक्षक मुलांशी रुक्ष वागू लागला, तर ते त्यांचे अनुकरण होणार नाही. स्कूटर वगळून नुसते मौन घेतले, तर उरतो केवळ कोरडेपणा. त्या मौनाला अर्थ होता, कारण त्याच्यामागे स्वतःचा वेळ आणि श्रम देणे होते. शिष्य शब्द मोजत नसतो. गुरू आपल्यासाठी काय खर्च करतो आहे, हे तो पाहत असतो.

नवेगावबांधची शाळा

आता या जिल्ह्यातलेच एक उदाहरण पाहू. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले नवेगावबांध. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा विस्तीर्ण तलाव. या तलावाच्या आणि अरण्याच्या सान्निध्यात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. वनविद्येचे रीतसर शिक्षण १९५८ ते १९६० या काळात कोइमतूरच्या महाविद्यालयात झालेले. म्हणजे तंत्र हाताशी होते. झाडांची शास्त्रीय नावे ठाऊक होती, नकाशे वाचता येत होते, अंगावर गणवेश होता.

परंतु त्यांच्या लेखनातून दिसतो तो गणवेशातला साहेब नव्हे, तर विद्यार्थी दिसतो. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार, तसेच गोंड, धीवर अशी जंगलात आणि पाण्यावर हयात काढलेली माणसे, यांच्याकडून आपण काय काय शिकलो, ते चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’सारख्या पुस्तकांतून कृतज्ञतेने नोंदवून ठेवले आहे. पाखरांच्या वीण-वसाहतींना त्यांनी मराठीत नावे दिली. कावळ्यांचे काकागार, बगळ्यांचे सारंगागार. अधिकाऱ्याने दौऱ्यावर यावे, चार प्रश्न विचारावे, डोके हलवावे आणि गाडीत बसून निघून जावे, अशा रीतीने हे धन हाती लागत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे सोबत चालावे लागते आणि समोरच्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, हे मनापासून मान्य असावे लागते.

पुढे २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. लक्षात राहावी अशी गोष्ट ही की, त्यांना ‘ऐकण्याचे तंत्र’ कोणी शिकवले नव्हते. त्यांना उत्तर हवे होते, म्हणून ते ऐकत होते. ज्याला उत्तर खरोखर हवे असते, त्याच्या डोळ्याला डोळा आपोआप भिडतो.

याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने माजी मालगुजारी तलावांवर केलेले कामही याच जातीचे आहे. तलावांत झपाट्याने वाढणारे बाहेरचे मासे सोडायचे, हे शासकीय तंत्र गावोगावी आले. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो. पाणवनस्पती गेल्या की स्थानिक माशांचा आसरा आणि खाद्य जाते. ही गोष्ट तलावावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या धीवरांना ठाऊक होती. परंतु मेळाव्यात त्यांना सांगण्यासाठी बोलावले जाई, विचारण्यासाठी नव्हे. मंडळाने विचारले. कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणत्या वनस्पतीखाली राहतो, याची नोंद धीवरांकडून घेतली आणि त्या ज्ञानाच्या आधारे स्त्री-पुरुषांच्या हातांनी तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. येथे संवाद हा कार्यक्रमाच्या आरंभीचा उपचार नव्हता, तर संवादातूनच कार्यक्रम जन्माला आला.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातली कथा याहून प्रसिद्ध आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असा प्रश्न पडल्यावर त्यांनी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची आणि तिथल्या पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. दवाखाना आपल्या गावासारखा असावा, नातलगांना सोबत राहता यावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे, नाव दिले गेले. हा प्रश्न विचारताना डॉक्टरांचा आवाज किती मऊ होता, हे कोणी मोजले नाही. उत्तर ऐकून इमारतीचा आराखडा बदलला, हे मात्र सर्वांनी पाहिले.

प्रमाण आणि प्रामाणिक

या जिल्ह्यातल्या तरुणांपुढे एक वेगळाच प्रश्न असतो. देवरीची किंवा सालेकसाची एखादी मुलगी मुलाखतीसाठी पुण्याला जाते. तिच्या तोंडी ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘ण’चा ‘न’ होतो. वर्गात तिला सांगितले जाते की, ही बोली सोड, नाहीतर तू मागे पडशील. ती प्रमाण मराठी घोकते, आणि मग घरी आल्यावर आजीशी बोलतानाही तिला संकोच वाटू लागतो. ती खोटी झाली का?

मराठीत ‘प्रमाण’ आणि ‘प्रामाणिक’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, परंतु प्रमाण भाषा बोलणारा माणूस प्रामाणिकच असतो असे नाही, आणि बोलीत बोलणारा खोटाच असतो असेही नाही. मुलाखत घेणाऱ्याला कळावे म्हणून प्रमाण मराठी शिकणे हे त्याच्याविषयीचे सौजन्य आहे. ते तंत्र तिने अवश्य शिकावे. हा जिल्हा तर पूर्वापार तेच करत आला आहे. परंतु आजीची बोली ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, असे तिला शिकवणारा वर्ग तिला संवाद शिकवत नसतो. तो तिचा एक संवाद कायमचा तोडत असतो. झाडीबोलीच्या अभ्यासाला आणि साहित्याला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य दिले, त्याचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. बोलीला शब्दकोश आणि साहित्य मिळाले की बोलणाऱ्याची मान ताठ होते, आणि ताठ मानेचा माणूसच सरळ बोलू शकतो.

तीन साध्या कसोट्या

मग रोजच्या व्यवहारात ओळखावे कसे, की आपण बोलतो आहोत ते तंत्राच्या आधाराने, की तंत्राच्या आडून? तीन कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी उघडेपणाची. आपण जी युक्ती वापरतो आहोत, ती समोरच्याला कळली तर ओशाळवाणे वाटेल का? शिक्षकाने मुलाला सांगितले, ‘बाळ, मी तुझेच शब्द परत म्हणून दाखवतो, कारण मला नीट समजले की नाही, ते तपासायचे आहे,’ तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु ग्राहकाचा विरोध मावळावा म्हणून त्याच्या बसण्याची नक्कल करणारा विक्रेता तसे सांगू शकणार नाही.

दुसरी कसोटी प्रश्नाची. जो प्रश्न विचारला, त्याच्या उत्तराने विचारणाऱ्याचे मन बदलण्याची शक्यता आहे का? बारावीचा निकाल लागल्यावर वडील मुलाला शांत स्वरात विचारतात, ‘तुला काय करावेसे वाटते?’ मुलगा म्हणतो, ‘मला शेती करायची आहे, भात गिरणीचे काम शिकायचे आहे.’ त्यावर वडील पुन्हा तितक्याच शांत स्वरात विचारतात, ‘आणखी काय करावेसे वाटते?’ आणि मुलाच्या तोंडून ‘अभियांत्रिकी’ येईपर्यंत विचारतच राहतात. स्वर उत्तम, शब्द उत्तम, पद्धत पुस्तकातली. पण मुलाला पहिल्या फेरीतच कळलेले असते की हा प्रश्न नव्हता, तो आदेश होता. त्यापेक्षा ‘मला तुझी काळजी वाटते, मला शेतीचा भरवसा वाटत नाही,’ एवढे सरळ वाक्य अधिक आदराचे ठरले असते. त्यावर मुलाला निदान उत्तर तरी देता आले असते.

तिसरी कसोटी खर्चाची. या बोलण्यासाठी आपण काय दिले? वेळ दिला का? गैरसोय सोसली का? आपला बेत बदलला का? ज्या आपुलकीला काहीच खर्च येत नाही, तिची किंमत ऐकणाराही तेवढीच करतो. घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या हाती चित्रांचे पुस्तक असते, काय सांगायचे त्याचा क्रम ठरलेला असतो. तो क्रम आवश्यकच आहे. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जात नाही. परंतु बाळंतीण तिचे ऐकते, ते तिच्या हातातल्या चित्रांमुळे नव्हे. तर रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तेव्हा हीच बाई गाडी मिळवण्यासाठी धावली होती, हे तिला आठवत असते.

या तिन्ही कसोट्या दुसऱ्याला लावण्यासाठी नाहीत. दुसऱ्याच्या बोलण्यात दंभ शोधण्याची सवय लागली, तर तोही एक रोगच. या कसोट्या प्रत्येकाने रात्री झोपताना स्वतःला लावायच्या आहेत.

संवादाचे वर्ग बंद करावेत, असे यातून मुळीच निघत नाही. खेड्यातून आलेल्या, चारचौघांत उभे राहिले की घशाला कोरड पडणाऱ्या मुलाला त्या वर्गांची गरज आहे. त्याला उभे राहायला शिकवा, श्वास घ्यायला शिकवा, शब्द शिकवा. परंतु त्याबरोबर हेही सांगा की, हा सारा ताणा आहे. वस्त्र विणले जाईल ते समोरच्या माणसाविषयी खरीखुरी आस्था असेल तरच. ती आस्था वर्गात मिळत नाही. ती कोणाच्या तरी बांधावर, कोणाच्या तरी आजारपणात, कोणाचे तरी लांबलेले बोलणे घड्याळाकडे न पाहता ऐकताना हळूहळू अंगी बाणते. ज्या शिक्षकाने, पालकाने आणि कार्यकर्त्याने यासाठी वेळ काढला, त्याचे बोबडे बोलही गाव ऐकून घेते. ज्याने तो काढला नाही, त्याचे भाषण संपते, टाळ्याही पडतात, आणि सतरंज्या उचलण्याच्या आत लोक ते विसरलेले असतात.